इथ्रोचा धडा

रविवार, १ जानेवारी १९५६

नव्या वर्षाची उपासना लांबली. गिरगावातून घरी यायला दुपार झाली. रत्ना ओली पडली होती. उजवं अंग गेल्यापासून तोंडही वळत नाही, त्यामुळे बोलली नाही हे आहेच, पण आज डोळेसुद्धा भिंतीकडे. चादर बदलली, पुसून घेतलं, कुशीवर केलं. पाठीची जखम आहे तशीच.

शब्बाथ शाळेसाठी, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गासाठी, पाळकसाहेबांनी या महिन्यात पक्षघाती माणसाचा धडा काढला होता. चौघं मिळून त्याला छपरातून खाली सोडतात, तो. म्हटलं, मी मोशे घेतो. ते म्हणाले, "घ्या मास्तर. मोशेही चांगला आहे."

मंगळवार, ३

शाळा सकाळची. निघताना र.ला पेज भरवली, बाहेरून कुलूप लावलं. चाळीतली पोरं आत घुसतात म्हणून. आणि उगाच कोणी डोकावायला नको.

नळावर शेजारच्या गंगूताई सावंत. "मास्तर, चावी माझ्याकडे ठेवून जावा. मी बघीन बाईंक."

"नको. मी दुपारी येतोच."

"बाईमाणसाच्या अंगाक बाईमाणसाचो हात बरो असता."

नको म्हटलं. बादली उचलली.

लग्नानंतर आम्ही दोघं या खोलीत राहायला आलो त्या वर्षी सावंतांच्या दारात मी पाणी मागितलं, तर गंगूताईंच्या सासूनं वरून ओंजळीत ओतलं होतं. मी ख्रिस्ती, नाव दानिएल, ते त्यांना पुरलं नाही. आजोबांचं गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारलं. मी ते पाणी प्यायलो. र. दारातून बघत होती.

त्याचा राग आहे का, हे आज ट्रॅममध्ये बसून आठवून पाहिलं. राग सापडला नाही. नको म्हणायची सवय तेवढी आहे.

रविवार, ८

धडा: मोशेचे हात. तो टेकडीवर काठी घेऊन हात वर करून उभा आहे तोवर खाली इस्राएल जिंकतं, हात खाली आले की अमालेक जिंकतं. हात भरून येतात. मग त्याचा भाऊ अहरोन आणि सोबतचा हूर त्याला धोंड्यावर बसवून दोन बाजूंनी हात धरून ठेवतात, सूर्य मावळेपर्यंत.

मुलांना करून दाखवायला लावलं. लीला मोशे झाली. दहा-अकरा वर्षांची, वर्गात सगळ्यांवर हुकूम चालवते. छडी घेऊन बाकावर उभी राहिली. दोघं हात धरायला आले तर म्हणते, "अजून नाही. मला दुखत नाहीये." दंड थरथरत होते, ओठ दाताखाली. पोरं हसायला लागली. शेवटी म्हणाली, "बरं, धरा. पण मी सांगितलं म्हणून धरताय, लक्षात ठेवा."

मी हसलो की नाही आठवत नाही.

गाणी पेटीशिवायच. पेटी र. वाजवायची. कोणी त्या पेटीला हात लावत नाही. वर अजून तिनंच घातलेलं कापड आहे.

गुरुवार, १२

डॉक्टर येऊन गेले. जखम खोल चालली आहे. "दोन-दोन तासांनी कूस बदलायला हवी. दिवसा कोण असतं?" मी म्हटलं, मी असतो. सकाळी? मी त्यांना हात धुवायला पाणी दिलं. "जखम हाडापर्यंत गेली तर माझ्या हातात काही नाही, मास्तर." हे र.च्या समोरच बोलले. तिला ऐकू सगळं येतं हे लोक विसरतात.

नगरहून विमलताईंचं पत्र. र.च्या थोरल्या बहीण, मिशनच्या इस्पितळात नर्स. रत्नाला इकडे पाठवा, इथं चार माणसं आहेत. उत्तर टाकलं: काळजी नसावी, सगळं नीट चाललं आहे.

शनिवार, १४

संक्रांत. गंगूताईंनी तिळगूळ दिला. दारातच घेतला. एक र.च्या जिभेवर ठेवला, बराच वेळ चघळत होती.

रविवार, १५

धडा: इथ्रो. मोशेचा सासरा भेटायला येतो आणि बघतो, तर जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवतो आहे. म्हणतो, हे बरं नाही, अशानं तू थकशील आणि हे लोकही थकतील. हाताखाली माणसं नेम, मोठं ते तू बघ, लहान त्यांना बघू दे. मोशे ऐकतो.

शिकवताना तोंड आपोआप चालू होतं. किती वर्षं शिकवतो आहे.

लीलानं हात वर केला. "मास्तर, इथ्रो एकटा आला होता?"

"नाही. मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन मुलं, त्यांनाही घेऊन आला."

"म्हणजे बायको इतक्या दिवसांनी आली आणि हा दुसऱ्या दिवशी सकाळपासून तंटेच सोडवत बसला?"

"कामच तसं होतं."

"मग ती काय म्हणाली?"

शास्त्रात नाही, म्हटलं. तिचं एकही वाक्य तिथं नाही.

"कोणी विचारलं नसेल," लीला म्हणाली.

घंटा दिली.

सोमवार, १६

संध्याकाळी इराण्याकडच्या रेडिओपुढे ही गर्दी. मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राकडे. सावंत गिरणीतून आले ते आरडाओरडा करतच. गल्लीत दगड जमा होताहेत. र.ला सांगितलं. तिनं डोळे मिटले.

मंगळवार, १७, गिरगाव

हरताळ. शाळा बंद. जखमेची पावडर संपली, डिलाईल रोडवर सगळी दुकानं बंद. गिरगावात पाळकसाहेबांच्या ओळखीचा औषधवाला घरातून देईल म्हणून निघालो. पेज भरवली, कूस बदलली, कुलूप लावलं. तासा-दोन तासांत परत येईन, म्हटलं.

पावडर मिळाली. बाहेर पडलो तर ठाकूरद्वारला धूर, दगड, पोलीस. गोळीबाराचा आवाज, आधी फटाके वाटले. मागं पळालो ते प्रार्थनामंदिरात. तेवढ्यात संचारबंदी पुकारली. पाळकसाहेबांनी दार लावून घेतलं. "आता सकाळशिवाय नाही."

"रत्ना आत आहे."

"कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. कुलूप आहे."

प्रार्थना करू या, म्हणाले. त्यांनी केली. मी डोळे मिटून चावी धरून बसलो. वर्गाच्या बाकावर हे लिहितो आहे. पावडरीची पुडी खिशात. भूक नाही. भीती वाटायला हवी तशी वाटत नाही, अंगात कोणी माती भरल्यासारखं

बुधवार, १८

सकाळी संचारबंदीला ढील मिळताच चालत आलो. भायखळ्यापाशी दोनदा अडवलं. पुडी दाखवली.

कुलूप तुटून दारापाशी पडलेलं. दार लोटलेलं. आत आधी दिसल्या गंगूताई, भिंतीला टेकून बसलेल्या. मग र. उशी उंच करून कुशीवर निजवलेली. अंगावर दुसरंच लुगडं, गंगूताईंचं हिरवं. केसांना तेल, घट्ट वेणी. खोलीला साबणाचा वास.

गंगूताई उठल्या. "मास्तर, कुलूप आमी तोडला. ह्यांनीच वरवंट्यान तोडल्यानी. मगे काय करतलो? बाई आतसून हाका मारी होती."

"हाका? तिला बोलता येत नाही."

"हाका मारी होती," त्या म्हणाल्या. "अख्ख्या चाळीन ऐकल्यान."

मी र.कडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मला आत यायला जमेना. चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या काढल्या.

"आंघूळ घातलंय. जखम धुवन फडको लावलंय. तुमका राग इलो तर येऊ दे."

राग नाही आला, म्हटलं. पावडर त्यांच्या हातात दिली. माझ्या हातात ती कशाला ठेवायची होती, कळलं नाही.

शुक्रवार, २०

रस्त्यावर अजून धग. लालबागला गोळीबारात माणसं गेल्याचं सावंत सांगत होते. गिरणीत त्यांच्या खात्यातला एक जण त्यात. डोळे सुजलेले. रडताना बघून मी चहा टाकला. ते आमच्या कपातून प्यायले. लक्षातही आलं नसेल त्यांच्या. माझ्या आलं.

रविवार, २२

शब्बाथ शाळा नाही. सकाळी पाणी तापवलं, र.ला पुसायला बसलो. लुगड्याला हात लावला तशी डाव्या हातानं तिनं माझं मनगट धरलं. बोलायला लागली. शब्द यायला वेळ लागतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं. मी तिचं वाक्य पुरं करायला गेलो की मान हलवते. थांबलो.

"तुम्ही. नको."

पाणी निवत होतं.

"ताई. त्या."

म्हटलं, मी नीट करतो ना? दुखतं का? मान हलवली, नाही. मग का? "लाज."

पाऊस सरताना अंग गेलं, तेव्हापासून रोज सकाळी मी हे करतो आहे. तेव्हापासून रोज ती भिंतीकडे बघते आहे. मी समजत होतो, आजारामुळे.

गंगूताईंना बोलवायला गेलो. त्या भाकऱ्या टाकत होत्या. तवा उतरवून तशाच आल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सासूबाईंचा तुमच्या मनात असतला. माका म्हायत आसा. मी तेव्हा नवी सून. तोंड उघडूची सोय नव्हती."

मी मान हलवली. दारातून बाजूला झालो.

शनिवार, २८

गंगूताई सकाळी आणि मी शाळेत असताना मधे दोनदा येतात. कुलूप नवं आणलं नाही. स्वयंपाक मी करतो, रात्रीची कूस मी बदलतो. डॉक्टर म्हणाले, जखमेची कड लाल दिसते, म्हणजे भरते आहे. र.चे डोळे आता भिंतीकडे नसतात, दाराकडे असतात.

मला बरं वाटायला हवं. झोप मात्र येते, दिवसासुद्धा.

रविवार, २९

शाळा पुन्हा भरली. मुलं कमी. मी यायच्या आधीच लीलानं वर्गाची वाटणी करून ठेवली होती, इथ्रोसारखी. चटया कोणी, किल्ली कोणी, लहानांना रस्ता कोणी ओलांडून द्यायचा. पाच वर्षांच्या दाविदाला काहीच उरलं नाही म्हणून रडायला लागला. लीला म्हणाली, "तू मास्तरांना विचारायचं, बाई कशा आहेत. दर रविवारी. विसरायचं नाही."

तो लगेच समोर येऊन उभा. "मास्तर, बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"झालं," म्हणाला, आणि जाऊन बसला.

पाळकसाहेबांना म्हटलं, लहानांचा वर्ग दुसऱ्या कोणाला द्या. एवढं सहज तोंडातून गेलं. त्यांनी एस्तेरला सांगितलं, दवाखान्यात काम करते ती. तिनं विचारलं, पेटी वाजवू? हो म्हटलं. कापड तिनं घडी करून बाजूला ठेवलं. वाजवते बरी. मी मागच्या बाकावर होतो.

रविवार, ५ फेब्रुवारी

दाविद: "बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"तुम्ही तेच सांगता. मला दुसरं सांगा."

सगळा वर्ग बघत होता. म्हटलं, बाई काल "मीठ" म्हणाल्या. आमटीत कमी होतं. मुलं इतकी हसली. मग मला कुठंतरी टेकावंसं वाटलं, खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. एस्तेरनं गाणं सुरू केलं.

मंगळवार, १४

विमलताई न कळवता आल्या. ट्रंक, वळकटी. "काळजी नसावी असं तुम्ही लिहिलंत, तेव्हाच काळजी वाटली." र.ची पाठ बघितली. गंगूताईंना विचारलं, काय लावता, कशी धुता. दोघी मोरीपाशी बसून बोलत होत्या. एक इस्पितळातलं सांगते, एक मालवणीतलं.

रात्री जेवताना ताई म्हणाल्या, "जखम चांगली भरतेय. पण हात, बोलणं, त्यासाठी रोज मेहनत करून घ्यावी लागते. ते नगरला होईल. सहा महिने, कदाचित जास्त. इथं शेजारणीनं किती करायचं?"

खरं आहे, म्हटलं.

"तुमचं काय म्हणणं?"

भात कालवत राहिलो.

गुरुवार, १६

नळावर गंगूताईंना सांगितलं, बहीण न्यायचं म्हणते. त्यांची बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद केला नाही. मग म्हणाल्या, "न्यायचा की नाय, ता तुमी दोघांनी ठरवू नकात. तिकाच इचारा."

विचारलं. नगर? की इथं? र. माझ्याकडे बघत राहिली, मग ताईंकडे, मग दाराकडे. "उद्या," म्हणाली. स्वच्छ म्हणाली.

सोमवार, २०

पुन्हा विचारलं. र.चं उत्तर तेच: उद्या.

ताईंची रजा संपत आली. तिकिटं काढायची की नाही, विचारतात.

रविवार, २६

धडा एस्तेरनं घेतला. मी लवकर निघालो. चाळीत आलो तर दाराला आतून कडी. ठोठावलं.

"थांबा, मास्तर. आंघूळ चाललीहा."

गॅलरीत ताई लुगडं वाळत घालत होत्या. त्यांच्याशेजारी उभा राहिलो. आत र. बोलत होती. तुटत तुटत, पण लांब. गंगूताई मधे हं, हं करत होत्या. इतकं ती माझ्याशी कधीपासून बोललेली नाही. शब्द कळत नव्हते. एकदा दोघी हसल्या.

"दानिएलराव, ती नगरला आली तर तुम्ही इथं एकटे काय कराल?"

"शाळा आहे."

"आणि ती इथंच राहिली तर?"

खाली कोणीतरी महाराष्ट्राच्या घोषणा देत गेलं. पोरं मागं. मी खरंच विचार करत होतो.

कडी निघाली. गंगूताई ओल्या पदरानं हात पुसत बाहेर आल्या. "जावा आता. तिका बोलूचा हा."

उंबऱ्यावर गेलो. र. उशाला टेकून बसलेली, केस ओले, मोकळे. माझ्याकडेच बघत होती. इतकी वर्षं या खोलीत राहतो आहे, आज पहिल्यांदा विचारलं.

"आत येऊ?"

तोंड हललं. शब्द यायला वेळ लागतो. मी उभा राहिलो.