बावीस दिवसांचा परवाना

वरवट बकाल,
२५ सप्टेंबर

चिरंजीव अविनाशले पुष्पाताईचे आशीर्वाद.

धामणगावले सगळे खुशाल असतील. इकडं तुझ्या भाऊजींचा तोरा सोडला तर सगळं बरं आहे. फोन केला असता, पण हे माझा फोन स्पीकरवर ठेवायले लावतात, म्हणून लिहून राह्यली.

पूनमकडे मेलबर्नले जायचं ठरलं तवा ह्यांनी बुलढाण्याच्या तीन चकरा मारून परदेशात गाडी चालवायचा परवाना काढला. लहानसं पुस्तकच असते ते. (त्याले प्लास्टिकचं कव्हर घातलं. घरातल्या पोथीले कधी घातलं नाही.) वर्षभर चालते म्हणून साऱ्या गावाले दाखवला. आतली तारीख कोणीच वाचली नाही, ह्यांनी तर नाहीच. परवाना वर्षाचा खरा, पण इथलं लायसन आधी संपत असलं तर परवानाही त्याच दिवशी संपते. अन् ह्यांचं लायसन साठी लागेपर्यंतच होतं. हाती उरले बावीस दिवस. त्यातले तेरा इथं मिरवण्यात गेले.

तिथं नऊ दिवस जावयाच्या बाजूले बसून त्याच्या चुका काढल्या. दहाव्या दिवशी वाढदिवसाचा केक खाऊन किल्ली मागितली. पूनमनं पुस्तक उघडून पाह्यलं.

"बाबा, हे कालच संपलं."

"साहेबानं तारीख चुकीची टाकली," हे म्हणाले.

"मंग जन्मतारीखबी साहेबानंच टाकली का?"

किल्ली तिनं पर्समध्ये ठेवली. पुढचे दोन महिने हे मागच्या सीटवर बसून पायानं ब्रेक दाबत होते.

परत येऊन दोन महिने झाले. लायसन नवं करायले डॉक्टरचा दाखला लागते, अन् "मी काय बिमार हाय?" म्हणून हे दवाखान्यात जात नाहीत. तसेच संग्रामपूरच्या बाजाराले गाडी नेतात. मी ऑटोनं जाते. तू येऊन दोन शब्द समजाव.

तुझी,
पुष्पाताई

ता. क. : समजवायले नाही आला तरी चालते, गाडी मात्र आण. मी एप्रिलातच शिकाऊ लायसन काढलं. ते सहा महिने असते, आता पंधरा दिवस उरले. येत्या मंगळवारी पक्क्या लायसनची परीक्षा आहे, अन् ह्यांच्या गाडीले हात लावायची सोय नाही. ह्यांले सांगू नको.

आणखी एक : शिकाऊ माणसाच्या बाजूले चालू लायसनवाला लागते. तुझं तर लग्नाच्या वर्षीचं, म्हणजे वीस वर्षं होऊन गेली. तुझ्या बायकोले विचारलं, तिचं चालू आहे. तू घरीच राह्य, तिलेच पाठव.