मामाचे हात

२ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

मी एकदाची फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला पोचले. आता खेळाडूंचे हातपाय आमच्या ताब्यात! परवा बाईंनी शिकवलं, की हाताला काही न बांधता नुसत्या मुठीने जोरजोरात मारलं तर बोटांमागची हाडं मोडतात, अगदी बॉक्सरचीसुद्धा. तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. तुझ्या शेवटच्या लढतीत तुझ्याविरुद्ध निकाल देणाऱ्या त्या पंचाला तू जीव जाईपर्यंत मारलंस, रागाच्या भरात, असं कोर्टात म्हणालास. मग अटकेच्या फोटोत तुझ्या हातांवर साधा ओरखडाही कसा नाही? आईला विचारलं तर ती नुसती भांडी घासत राहिली. रागावू नकोस, पण उत्तर दे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
भाची

१० मार्च

चि. चौकसबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी जेलरसाहेबांनी चवीने वाचलं. आता त्यांनाही उत्तर हवंय! माझी हाडं दणकट, एवढंच समज. डोळ्यांपुढे अंधारी आली, पुढचं आठवत नाही. लहानपणी घड्याळं उघडून बसायचीस, आता मामाला उघडायला निघालीस. उगाच खोलात शिरू नकोस.

मे महिन्यात सुटतोय. जायला दुसरं घर नाही. मागची खोली मिळेल का, ते ताईला विचार. माझी एकही लढत न चुकवणारी बाई सात वर्षांत एकदाही भेटायला आली नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

१९ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद.

काल पोरगी सरावासाठी माझ्याच हातांना पट्ट्या बांधायला बसली. सारखी चुकत होती. मला राहवेना. पट्टी घेतली आणि अंगठ्यात अडकवून, मनगटाला फेरे देऊन, बोटांमधून काढून दाखवली. ती बघतच राहिली. हे तुला कसं येतं, म्हणाली. मग मी त्या दिवशीचं सांगून टाकलं.

तुझे हात कायम मीच बांधायचे. त्या संध्याकाळीही आलास, जादा सराव आहे म्हणालास. हात पुढे करून खुर्चीत निवांत बसलास. रागाच्या भरात निघालेला माणूस पट्ट्या बांधून घेत नाही रे. कोर्टात तू खोटं बोललास आणि मी गप्प बसले. भेटायला कुठल्या तोंडाने येणार होते? हे जेलरसाहेबांनी वाचलं तरी वाचू दे.

खोली रिकामी आहे. पण आधी पोरीला खरं काय ते स्वतः लिही, मगच ये. एरवी प्रश्नांनी भंडावून सोडणारी पोर, पण काल तिनं एकच विचारलं, निघताना मामा काय म्हणाला होता. छान घट्ट बांधल्यास, असं म्हणून तू हसला होतास. मी ते तिला सांगितलेलं नाही. ते तू सांग.

अजूनही तुझीच,
ताई