कैलासदादांची चिठ्ठी

ती. आईस,
बदलापूरहून तुझ्या तेजलचा नमस्कार. मी बरी आहे, डबाही वेळेवर खाते. तुझे गुडघे कसे आहेत?

सातवीच्या मुलामुलींना वयात येण्याविषयी शिकवायला लागल्यापासून चामटोली गावच्या आमच्या शाळेतले पालक माझ्याकडे संशयाने बघतात. मंगळवारी माझ्या वर्गातल्या उन्नतीचे वडील, कैलासदादा, वर्गाच्या दारातच उभे राहिले.

"पोरांना कसली घाण शिकवताय ते बघू द्या. मोबाईलवर शूटिंग करतोय मी."

तरी मी फळ्यावर गर्भाशयाचं चित्र काढलं आणि पाळी म्हणजे काय ते सांगितलं. उन्नती हळूच उठली.

"बाई, मग हा कॅन्सर नाही ना? मे महिन्यापासून मला वाटतंय, मी मरणार. आई नाही, सांगू कोणाला?"

एकही मुलगा हसला नाही. कैलासदादांनी मोबाईल खाली घेतला आणि ते निघून गेले. तक्रार करायलाच गेले असणार, म्हणून दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

आज ते परत आले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाई, पॅड कुठलं आणायचं? मेडिकलवाल्याला दाखवायला चिठ्ठी लिहून द्या."

दिली.

आई, तुला हे कोणी सांगितलं होतं गं? पत्रातच लिही, फोनवर तू विषय बदलतेस.

तुझीच,
तेजल