खटक्यावरची लाल चिंधी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, लग्न न झालेली, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. छातीचं मात्र काही खरं नाही, हेही त्याच म्हणाल्या. कोणी दडपण आणलेलं नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

कलम १. कारखान्यामागच्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते माझ्या धाकट्या भावाला. आत्याची मुलगी हक्क सांगत येईल. वडील गेले त्याच आठवड्यात तिने जे कपाट उचलून नेलं, त्यात तिचा वाटा पोचला असं समजावं.

कलम २. पॉलिशवाल्याने लाकूड आवळून धरायचे माझे दोन शिकंजे "उद्या आणून देतो" म्हणून नेले, त्याला बारा वर्षं झाली. ते मी त्यालाच देते. निदान माझ्या फोटोसमोरून तरी त्याला मान वर करून जाता येईल.

कलम ३. बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरणारी विजेची करवत. वडिलांनी घेतला, त्याच्यावर पाळण्याच्या गोल कमानी कापत आम्ही दोघं वाढलो. अर्धी गल्ली आमच्या पाळण्यात झोपून मोठी झाली, आमच्या घरात मात्र एकही हलला नाही. हे यंत्र आणि कारखाना निम्मा धाकट्याला, निम्मा आमच्याकडे नऊ वर्षं काम करणाऱ्या रंधेवालीला. अट एकच. पातं बदलताना तिने त्याच्याजवळ उभं राहायचं. एका हाताने पातं चढत नाही, आजवर दुसरा हात माझा होता.

रंधेवाली, तुला सगळं येतं असं तुला वाटतं, म्हणून नीट वाच. आधी मेन बंद. मग वायर भिंतीतून काढून नजरेसमोर ठेवायची. पातं हाताळताना हातमोजे घालायचे, यंत्र चालू करायच्या आधी काढायचे. दात पुढे आणि खाली, टेबलाकडे. पातं आधी वरच्या चाकावर, मग खालच्या. ताण द्यायचा आणि वरचं चाक हाताने फिरवून पातं जागेवर धावतंय का बघायचं, बोटं दातांपासून लांब. धाकटा म्हणेल "झालं", तरी आणखी तीन फेरे. मग बाजूचे टेकू, पात्याशी कागद जाईल एवढीच फट ठेवून. चाकांवरची दोन्ही दारं कडी लावून बंद. मगच वायर जोडायची, आणि खटका दाबताना समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

संध्याकाळी पात्याचा ताण सोडायचा, म्हणजे पातं टिकतं, आणि खटक्याला लाल चिंधी बांधायची. ही वडिलांची रीत. चिंधी आहे म्हणजे पातं ढिलं, चिंधी नाही म्हणजे पातं तयार. या घरात कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

कलम ४. खरं तर यासाठीच कागद केला. धाकट्या, हे तुला.

एकतीस वर्षांपूर्वी तुझं लग्न ठरलं. मुलगी टपालकचेरीत होती, तिची लांब बदली झाली. तू म्हणालास, "ताई, मीही तिकडेच जातो. लाकूड काय, तिथेही आहेच की."

मी म्हणाले, "जा, जा. वडिलांमागे हा गाडा एकटीने ओढला, मरेनही एकटीच."

"असं काय गं बोलतेस?"

मी रागाच्या भरात ताण सोडला, वरचं दार नुसतं लोटलं, दिवसभर कमरेला खोचलेली चिंधी तशीच घेऊन चालती झाले. सकाळी तू माझ्याआधी आलास, राहिलेल्या कमानी कापून ठेवल्या तर ताईचा राग उतरेल म्हणून. खटक्यावर चिंधी नव्हती. ढिलं पातं चाकावरून उतरलं आणि लोटलेल्या दारातून बाहेर आलं. उजव्या हाताची चार बोटं गेली.

दवाखान्यात मुलीच्या वडिलांनी, त्यांना आमची रीत ठाऊक होती, विचारलं, "खटक्याला खूण बांधलेली नव्हती का?" तू माझ्याकडे बघितलंस. चिंधीचं टोक अजून माझ्या कमरेला होतं. तुला ते दिसलं, आणि तुला दिसलं हे मला दिसलं. तू म्हणालास, "होती. घाईत मीच सोडली."

ते म्हणाले, असल्या निष्काळजी माणसाला मुलगी कशी द्यायची, आणि लग्न मोडलं. गल्लीने तुझं नाव घाईभाऊ ठेवलं. जो माणूस कुलूप तीनदा ओढून बघतो, त्याचं! आणि मी मूग गिळून गप्प बसले. भाऊ घरात राहिला. मला हवं होतं तेच झालं, आणि सुरुवातीची काही वर्षं ते मला गोडही लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. मी चिंधी विसरले, की रागाने विसरू दिली? रोज स्वतःला विचारते. कितीदा बोलायला तोंड उघडलं, पण दर वेळी तू म्हणालास, "ताई, चहा निवतोय."

माझ्यामुळे तुझा संसार झाला नाही रे.

कलम ५. हा कागद डॉक्टरीणबाईंनी कारखान्यात, यंत्र बंद ठेवून, गल्लीसमोर मोठ्याने वाचावा. यापुढे माझ्या भावाला त्या नावाने कोणी हाक मारू नये. एक प्रत त्या मुलीला टपालाने पाठवावी. ती आता आजी झाली असेल. तरी पाठवावी.

कलम ६. खटक्याला हल्ली नवी चिंधी आहे, ती रंधेवालीने रोज बांधावी. जुनी माझ्या ट्रंकेत, तळाशी आहे. मला नेताना ती माझ्या कमरेला खोचावी, टोक बाहेर दिसेल अशी. धाकट्या, हे तूच कर. गाठ मारायची नाही, नुसती खोचायची आहे, एका हाताने जमेल. आणि कोणी विचारलं, तर या वेळी खरं सांग.

सही: ताई

साक्षीदार (मजकूर वाचलेला नाही, सही करताना समक्ष पाहिलं, यातून काही मिळणार नाही):
१. डॉक्टरीणबाई
२. समोरचा चावीवाला

ठिकाण: कारखाना, बँडसॉचं टेबल
दिनांक: ९ मार्च, सोमवार. वायर काढून ठेवली आहे.