आमच्या गल्लीतल्या डासांचा बंदोबस्त

३ ऑगस्ट १९७५, चोपडा
गल्लीतले डास या पावसाळ्यात संपवायचेच. समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सदस्य शेजारचा गाडीवान उखर्डू. सही येत नाही, अंगठा घेतला. प्रेमकुंवर म्हणाली, आधी मच्छरदाणीची भोकं शिवून घेऊ. बायकोला व्यापक दृष्टी नाही.

६ ऑगस्ट
डास घाणीत होतात, हे उघड आहे. गटारात स्वतः रॉकेल ओतलं. धोतराला वास. दुकानात लुगडी बघायला आलेल्या बाया नाक धरून परत गेल्या. प्रेमकुंवर म्हणते मागच्या हौदावर झाकण टाका. कशाला? पाणी आरशासारखं नितळ. उखर्डूची बायको सुगंधाबाई रोज तीन हंडे नेते.

१४ ऑगस्ट
मलेरियावाले डीडीटी मारायला आले. परत पाठवले. दिवाळीलाच भिंतींना डिस्टेंपर दिलाय. शिवाय अध्यक्षाच्या घरात डास कुठले? जाताना त्यांनी दारावर खडूने ‘नकार’ लिहिलं. माझं बघून उखर्डूसकट चार घरांनी नकार दिला. नेतृत्व म्हणतात ते हेच.

२२ ऑगस्ट
गल्लीत दोघांना ताप. एक दिवसाआड थंडी वाजते. काकड्या खाल्ल्या असतील.

२ सप्टेंबर
आता सात जण. उखर्डू म्हणाला, “शेठ, बठ्ठा गाव आजारी शे.” सगळं गाव कुठलं, सातच जण, असा धीर दिला. रॉकेल दुप्पट केलं. नवल असं की गटारावर डास कमी आणि घरात जास्त. घाबरून आत येत असावेत.

९ सप्टेंबर
सुगंधाबाईला हुडहुडी. सहावा महिना आहे. मलेरिया खात्याचा कौतिक बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेऊन गेला आणि गोळ्या ठेवून गेला. उखर्डू विचारायला आला, देऊ का? पोटुशी बाईला असल्या कडू गोळ्या? साफ नाही म्हणालो. गुळवेलीचा काढा सांगितला. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास आहे. बरं वाटलं.

१२ सप्टेंबर
कौतिक पुन्हा आला. गोळ्या तशाच बघून उखर्डूवर ओरडला. म्हणाला, गरोदरपणात या चालतात, ताप चालत नाही. मग आमच्या मागच्या अंगणात शिरला. हौदातलं पळीभर पाणी पांढऱ्या बशीत घेतलं. त्यात बारीक काड्या वळवळत होत्या. म्हणाला, “ज्ञानचंदशेठ, हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. गटारातला वेगळा.” मला शंका होतीच. हौद उपसण्याचा ठराव रविवारच्या सभेत मांडतो.

१३ सप्टेंबर
प्रेमकुंवर सभेसाठी थांबली नाही. पदर खोचून सकाळपासून बादल्यांनी हौद उपसला. मी सूचना देत होतो. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

१५ सप्टेंबर
सुगंधाबाई बरळायला लागली. उखर्डूला ओळखेना. जीप करून जळगावला नेली. मीही गेलो, कोणीतरी जाणतं हवं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणी थांबवल्या? उखर्डू माझ्याकडे न बघता म्हणाला, “मीच.”
मी काही बोललो नाही. डॉक्टर घाईत होते.

१७ सप्टेंबर
सुगंधाबाई गेली. पोटातलं मूलही.

२० सप्टेंबर
मलेरियावाले आले. घरभर फवारणी करवून घेतली. डिस्टेंपरवर पांढरे ओघळ आलेत. गल्लीत कोणी नकार दिला नाही. मला कोणी विचारलंही नाही.

२३ सप्टेंबर
दहाव्याला चार शब्द बोलावेत म्हणतो. समितीच्या वतीने. तीन पानं लिहून झाली. विधिलिखितापुढे माणसाचं काही चालत नाही, असा साधारण विषय. वाचताना एके ठिकाणी आवाज भरून येतो, ती जागा चांगली जमली आहे.

२६ सप्टेंबर
दहावा. नदीवर गल्लीतले सगळे होते. कागद काढून उभा राहिलो. उखर्डू डोकं भादरून बसला होता. उठून जवळ आला. हात धरून मला खाली बसवलं.
“बसा शेठ. तुम्ही बोलू नका.”
रागावला नव्हता. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला. बसलो.
दुकानात आल्यावर मुनीम जीवरामने विचारलं, भाषण कसं झालं? चांगलं झालं, म्हणालो. लोक रडले.
प्रेमकुंवर डबा घेऊन मागे उभी होती. ती नदीवर बायकांत बसली होती. डबा ठेवला आणि गेली.
जेवलो नाही.