धुतलेलं इंजिन आणि सटवाभाऊंची शंका

नांदूरघाट, दि. १८ जानेवारी

आदरणीय जीवनदादा यांना ज्ञानोबाचा सविनय जय भीम.

इकडे माझा गुडघा सोडला तर मी आणि तुमची बहीण सरू, दोघेही खुशाल आहोत. तुमच्या डोळ्यांचे थेंब वेळेवर पडत असणारच, कारण सूनबाई वनिता तिथे आहे. (वनिता, हे पत्र दादांना वाचून दाखवताना कंसातलं गाळलंस तरी चालेल. कंस मी माझ्या समाधानासाठी घालतो.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण छत्तीस वर्षं पोस्टमास्तरकी केलेल्या माणसाने आपल्या चुकीची कबुली फोनवर द्यावी हे मला पटत नाही. तर मुख्य बातमी आधीच सांगून टाकतो. तुमची गाडी विकली गेली नाही.

काचबिंदूमुळे डॉक्टरांनी तुम्हाला गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा तुम्ही ती आमच्या अंगणात आणून लावलीत आणि म्हणालात की दारात उभी दिसली की जीव तुटतो, लवकर विकून टाका. तुमचा शब्द मी खाली पडू दिला नाही. गिऱ्हाईकही नामी शोधलं. आमचे सटवाभाऊ, मेंढरं आणि बैलांतले मोठे जाणकार, त्यांना बाजारोबाजार फिरायला गाडी हवीच होती. मंगळवारी येतो, बघतो आणि घेऊन जातो, असं त्यांनी सांगितलंही होतं. दादा, मी इथेच थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण सोमवारी मोबाईलवर एक व्हिडिओ लागला. त्यात पांढरे हातमोजे घातलेला एक गृहस्थ गाडीचं इंजिन इतकं स्वच्छ करतो की त्यावर ताट ठेवून जेवावं. मी बॉनेट उघडून पाहिलं तर तुमच्या इंजिनावर बोटभर काळी मळी, आणि बॅटरीच्या मागे उंदराचा संसार. त्याने आमच्याच वेचणीतला कापूस नेऊन गादी केली होती, आणि पांघरूण म्हणून तुमच्या प्रवीणच्या लग्नाची पत्रिका. (वनिता, तुझं नाव शाबूत आहे. नवरदेव कुरतडला गेलाय.) लेकीसारखी सांभाळलेली गाडी अशा अवतारात दुसऱ्याच्या घरी पाठवायची? मला ते बघवेना, आणि मी बाह्या सरसावल्या.

काम मी शास्त्रशुद्ध केलं. इंजिन गार होऊ दिलं, बॅटरीची तार सोडली, जिथे पाणी जायला नको तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. भांड्याच्या साबणाचं पाणी, दात घासायचे तीन जुने ब्रश, आणि धुवायला कपाशीवर फवारायचा पाठीवरचा पंप. (पंप आधी सात वेळा विसळला. तरीही त्या दिवसापासून अंगणात डास नाही.) मळी निघाली तशी आतून चांदीसारखा धातू दिसायला लागला, तेव्हा खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. व्हिडिओतला गृहस्थ शेवटी कसलंसं चकाकीचं औषध लावतो. ते इथे मिळेना म्हणून मी खोबरेल तेल लावलं.

मंगळवारी सटवाभाऊ आले. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, दोनदा धापा टाकून बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. हवा आत जायच्या तोंडावरची पिशवी सोडायची राहिली होती. ती काढल्यावर इंजिन झकास चाललं. पण तापलं तसं खोबरेलही तापलं, आणि शेजारच्या साखराबाई आज तुमच्याकडे काय तळायलेत म्हणून विचारून गेल्या. सटवाभाऊंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी बॉनेटखाली मान घातली, बोटाने इंजिन चोळलं, बोट हुंगलं, मग जमिनीवर बसून गाडीच्या पोटाखाली पाहिलं. बैल बघतात अगदी तसं.

"मास्तर," ते म्हणाले, "जनावर धुऊनपुसून बाजारात आणलं की आमी आधी खूर बघतो. गाडी चांगली दिसायलीय. पण एवढी धुतली कावून? काय लपवायलाव?"

मी तुमची आणि माझी अशा दोन्ही शपथा घेतल्या. ते चहा पिऊन निघून गेले.

मग मला वाटलं, इंजिन पुन्हा मळलं की त्यांची शंका फिटेल. म्हणून बुधवारी गाडी तेलगावच्या अंगाने कच्च्या रस्त्यावर भरपूर फिरवण्यात आली. (मला गाडी येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. फिरवणाऱ्या व्यक्तीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. ती अनुभवी आहे.) तेलामुळे धूळ इतकी सारखी बसली की रंगाऱ्याला जमली नसती. सटवाभाऊंनी ते पाहिलं आणि काल धुतलेली गाडी आज मळवणाऱ्या माणसाशी व्यवहार करणार नाही म्हणाले. दादा, या साऱ्या गाढवपणाचा धनी मी एकटा आहे. रागावा, पण आमच्या घरी येणं सोडू नका.

आपला नम्र,
ज्ञानोबा

ता. क. सटवाभाऊंना तुम्ही एक फोन करावा ही विनंती. इंजिन निरोगी आहे, बिघाड मेव्हण्याच्या डोक्यात आहे, एवढं सांगा. तुमचा शब्द ते मानतील.

ता. क. दुसरा. दादा, मी सरू. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. सटवाभाऊंना फोन करू नकोस. इंजिन मी धुतलं. हे खुर्चीवर बसून मोबाईल धरून होते. धुतलेलं जनावर सटवाभाऊ घेत न्हाईत हे अख्ख्या गावाला माहीत हाय, यांना सोडून. आणि ती पिशवी मी विसरले नव्हते.

गाडी सहा महिने झाले मीच चालवते, लायसन्स पण मागच्या महिन्यात आलं. तू गाडी विका म्हणालास त्या दिवसापासून फोनवर कुठं जायचं नावच काढत न्हाईस, आणि त्याचा मला लई राग हाय. डोळे गेले म्हणून माणूस घरात बसवायचा असतो का? रविवारी सकाळी मी तुला न्यायला येते. कपिलधारला जाऊ, मग तू म्हणशील तिकडं. तयार रहा. शेजारी बस, आणि गिअर कधी बदलायचा ते मला सांगू नकोस.