बिनसरसाचा पाळणा

कल्याण, कार्तिक वद्य ३, शके १८०६

चि. रा. रा. गुरुदत्त जावईबापू यांस प्रभाकरपंतांचे अ. उ. आ.

नातवासाठी आम्ही पाठवलेला पाळणा ठाण्याहून परत आला. आगगाडीत त्याला ओरखडाही पडला नाही. तुमच्या मातोश्रींचा निरोप मिळाला, की सांधे सरसाने चिकटवले आहेत, सरस कातडे उकळून करतात, आणि असली वस्तू सोवळ्याच्या घरात टांगायची नाही. आमच्या सुताराला हे सांगितले, तेव्हा तो हत्यारे गुंडाळून घरी गेला.

बरे तर, पाळणा आता तुम्हीच करा. सरस नको आणि खिळाही नको, बाळाला बोचेल. झाला की कळवा. मी स्वतः येऊन तपासीन, मगच आमच्या आवडीला आणि बाळाला सासरी पाठवीन. इकडे घाई नाही. बाळ आता हसू लागले आहे. आमच्यावर राग नसावा, लोभ असू द्यावा.

प्रभाकर

---

ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध ७

ती. स्व. प्रभाकरपंत यांचे सेवेशी, गुरुदत्तचे शि. सा. न. वि. वि.

पाळणा झाला. कचेरीतून आल्यावर रोज करवत धरत होतो. एका लाकडाचे टोक तासून कुसू करायचे, दुसऱ्यात खोबण कोरायची आणि कुसू तीत ठोकून बसवायचे, एवढेच काम आहे. पहिल्या खेपेस कुसू सैल झाले म्हणून पाचर मारली, तर फळी दुभंगली. मग दुसरे इतके घट्ट केले की चुकून उलट्या बाजूने बसले ते निघेना. त्या लाकडांवर हल्ली आंघोळीचे पाणी तापते. मातोश्री शेजारी बसून देखरेख करतात. त्यांच्या मते दोष लाकडाचा नाही.

शेवटी एक पाळणा टिकला. तुळईला टांगून त्यात पाटा-वरवंटा ठेवला आहे. मातोश्री येता-जाता त्याला झोका देतात.

बाळ हसते असे आपण लिहिता. मी ते अजून पाहिलेले नाही. घर खायला उठते. आपण लवकर यावे आणि मंडळींना पाठवावे. आपली कृपा आहे ती राहावी, ही विनंती.

गुरुदत्त

---

ठाणे, मार्गशीर्ष वद्य २

चि. सौ. आवडी हिला अनेक आशीर्वाद.

पाळणा पाहिला. प्रत्येक सांधा ओढला, हिसकला, काही हलेना. तू गेल्यावर कल्याणला आम्ही दोघे म्हातारेच उरणार, म्हणून कुठेतरी खोट सापडावी अशी माझी फार इच्छा होती. सापडेना, तेव्हा मी स्वतः पाळण्यात बसलो. जावईबापू नको नको म्हणत होते. विहीणबाईंनी पाटा-वरवंटा काढून जागा करून दिली.

सांधे जागचे हलले नाहीत. तुळईची कडी मात्र उपटून आली. पाळणा अखंड आहे. माझा पाय नाही.

तरी शेजारच्या पंढरीकाकांना सोबत घेऊन बाळासह ताबडतोब निघ. माझे कोणीतरी करायला हवे, असे लोकांस सांग. लेकीकडे जेवायचे नाही हा नेम नातू झाल्याने सुटला, नाहीतर उपासच घडला असता. जावईबापूंनी नवी कडी बसवली आहे. ती मी तपासणार नाही. आईला म्हणावे, काळजी करू नये. बाळाला गोड पापा.

प्रभाकर

ता. क. वैद्य म्हणतात, माघ लागेपर्यंत या घरातून हलायचे नाही. मी वाद घातला नाही.